सत्तर हजार ब्रास मातीकाम

पाटबंधारे खात्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी मातीच्या धरणांवर. त्यामुळे अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातून लेकीचा फोन आला, "बाबा, इथे दोन हजार वर्षांपूर्वीचं मातीकाम आहे, सगळं हातानं केलेलं. २०२३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलंय," तेव्हा अमेरिकेत आल्यावर आधी काय बघायचं ते ठरून गेलं. २०२५ च्या सप्टेंबरात चार दिवस काढून आम्ही तिघं ओहायोत फिरलो. गाडी लेक चालवत होती, मागे ही, आणि माझ्या मांडीवर वही.

पहिला दिवस, गुरुवार

कोलंबसहून नैर्ऋत्येला दीड-एक तास. दोन्ही बाजूंनी मका आणि सोयाबीन, रस्ता सरळ. मग एकदम झाडी दाट होते आणि लिटल मायामी नदीच्या काठावरचं उंच पठार लागतं. पाटीवर नाव 'फोर्ट एन्शंट', म्हणजे प्राचीन किल्ला. पठाराच्या कडेकडेनं साडेतीन मैल मातीची भिंत फिरवलेली आहे. काही ठिकाणी ती माझ्या छातीपर्यंत येते, काही ठिकाणी वीस फुटांच्या वर जाते. आता तिच्यावर गवत आणि मोठमोठी झाडं आहेत, पण उताराचा कोन अजून सुबक आहे. दोन हजार पावसाळे खाल्लेला भराव इतका टिकतो म्हणजे घालणाऱ्याला माती कळत होती.

किल्ला म्हटल्यावर मी आपल्या सवयीनं दरवाजा शोधायला लागलो. आपण गड चढत मोठे झालेली माणसं. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये असा दडवलाय की अगदी पुढ्यात जाईपर्यंत दिसत नाही. इथे मात्र थोडं चाललं की भिंतीत फट, पुन्हा थोडं चाललं की फट. एकूण सदुसष्ट! शिवाय चर बऱ्याच ठिकाणी भिंतीच्या आतल्या बाजूला. खंदक आत ठेवून कोणी गड बांधत नाही. शत्रू भिंतीवर चढेल आणि खंदकात आपण पडू.

एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या गोऱ्या लोकांनी मोजमापं घेतली आणि 'किल्ला' हे नाव देऊन टाकलं. त्यांच्या मनात लढाया होत्या, म्हणून त्यांना तटबंदी दिसली. ज्यांनी हे काम केलं ते स्वतःला काय म्हणवत, हे कुठेच लिहिलेलं नाही. अभ्यासक त्यांच्या संस्कृतीला 'होपवेल' म्हणतात, तेसुद्धा ज्याच्या शेतात उत्खनन झालं त्या शेतमालकाच्या आडनावावरून. साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून चौथ्या शतकापर्यंतचा त्यांचा काळ, म्हणजे आपल्याकडे सातवाहन आणि त्यांच्यानंतर वाकाटक होते तेव्हाचा.

संग्रहालयात त्या वेळच्या पिकांची माहिती लावली आहे. सूर्यफूल, भोपळा आणि एक बारीक बियांची पालेभाजी. चित्राकडे बघून ही म्हणाली, "अहो, हा तर चाकवत!" लेकीनं तिथल्या तिथे शोधलं. त्याच कुळातली वनस्पती. ते लोक तिचं बी पिकवून खायचे. मका त्यांच्या जेवणात फारसा नव्हता. राहायचे नदीकाठी चार-दोन घरांच्या वस्त्या करून, विखुरलेले. या भिंतींच्या आत गाव नव्हतं.

जाताना मी वहीत लिहिलं: "सदुसष्ट दरवाजे. आत येण्यासाठी बांधलेली भिंत."

दुसरा दिवस, शुक्रवार

आज सर्पटेकडी, सर्पंट माउंड. ओढ्याच्या वरच्या कड्यावर मातीचा वळणावळणाचा साप, १,३४८ फूट लांब. शेपटीचं वेटोळं तीन फेऱ्यांचं, आणि तोंडापुढे एक लंबगोल. जवळ लोखंडी मनोरा आहे, त्यावर चढलं की साप पूर्ण दिसतो. ही वर पोचली आणि न बोलता हात जोडले.

"आई, आपला नागोबा नाही तो."

"माहीत आहे गं. पण कोणाचा तरी आहेच ना?"

या उत्तरावर मी दिवसभर विचार करत होतो. तोंडापुढचा तो लंबगोल म्हणजे अंडं, असं कोणी म्हणतं, कोणी सूर्य म्हणतं, कोणी सापाचा डोळा. सापाचं डोकं उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सूर्यास्ताकडे आहे, हे मोजता येतं. बाकी वयावरसुद्धा एकमत नाही. एका तपासणीत कोळशाचे नमुने इसवी सन १०७० च्या आसपासचे निघाले, नंतरच्या तपासणीत इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासचे. दोन्ही बाजूंकडे नमुने आहेत. मला यात आश्चर्य वाटलं नाही. धरणावर आम्ही दर पावसाळ्यानंतर उतार दुरुस्त करायचो, नवा भराव घालायचो. माझ्या धरणातला एखादा कोळसा उद्या कोणी तपासला तर तो बांधकामाचा की दुरुस्तीचा, हे त्याला कसं कळणार? जपलेल्या वास्तूला एकच वय नसतं.

ही टेकडी वाचली ती फ्रेडरिक पुटनम या हार्वर्डच्या माणसामुळे. नांगर फिरून साप नाहीसा होत चालला होता. १८८७ च्या सुमारास त्यांनी वर्गणी जमवून ती जमीन विकत घेतली.

तिसरा दिवस, शनिवार

चिलिकोथी. सकाळपासून भुरभुर पाऊस. सायोटो नदीच्या काठी 'माउंड सिटी' नावाची जागा आहे, नावात शहर असलं तरी तिथे शहर कधीच नव्हतं. गोलसर कोपऱ्यांचा मातीचा चौकोन, तेरा एकरांचा, आणि आत तेवीसच्या आसपास टेकड्या, उपड्या घातलेल्या टोपल्यांसारख्या. पहिल्या महायुद्धात इथे सैन्याची छावणी वसवली आणि बहुतेक टेकड्या सपाट केल्या. १९२० च्या दशकात उत्खनन करून त्या पुन्हा उभारल्या. म्हणजे डोळ्यांना दिसतं ते बरंचसं नवं, खरं काम पायाखाली.

टेकडी कशी घडायची ते तिथल्या रेंजर बाईंनी पावसात उभं राहून सांगितलं. आधी लाकडी खांबांची एक वास्तू, जमिनीवर मळलेल्या मातीचं उथळ कुंड. त्यात मृतांचं दहन. असं बरीच वर्षं चालायचं. मग एके दिवशी खांब काढून घ्यायचे आणि सगळ्यावर माती घालायची, वर वाळूचा थर, पुन्हा माती, काही ठिकाणी अभ्रकाचे पत्रे. अभ्रक दक्षिणेच्या अॅपलेशियन डोंगरांतलं, तांबं लेक सुपिरियरकडचं, शंख मेक्सिकोच्या आखातातले, काळा काचेसारखा दगड थेट यलोस्टोनकडचा. दोन-अडीच हजार किलोमीटरवरून आणलेली वस्तू, आणि आणून पुरून टाकायची. एका टेकडीत दगडी चिलमींचा मोठा साठा मिळाला, सुमारे दोनशे. प्रत्येकीवर एक प्राणी किंवा पक्षी, पाणमांजर, बेडूक, ससाणा. बऱ्याचशा मुद्दाम फोडलेल्या. पुढे त्या विकल्या गेल्या आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

फोडून का ठेवल्या असतील, असं लेकीनं विचारलं. हिनं लगेच उत्तर दिलं नाही. पितृपक्ष चालू होता. आपण पान वाढतो, बाहेर ठेवतो, कावळ्याची वाट बघतो. मडकं खांद्यावर घेऊन फिरायचं आणि शेवटी फोडायचं, हे आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोरचं आहे. "एकदा दिलं की ते आपलं राहात नाही," एवढंच ती म्हणाली.

दुपारी पाऊस थांबल्यावर नदीपलीकडची होप्टनची भिंत पाहिली. १८४८ साली छापलेल्या सर्वेक्षणात तिची उंची बारा फूट आहे. आता शेतात जरा उंचवटा वाटतो, इतकं नांगरानं तिला खाल्लंय. पण माझ्यासाठी या चारही दिवसांतली सगळ्यात मोठी गोष्ट इथेच होती. उत्खननात भिंतीचा छेद घेतला तेव्हा दिसलं, की भराव घालण्याआधी त्यांनी जमिनीचा वरचा सुपीक थर काढून टाकला होता. आमच्या भाषेत स्ट्रिपिंग. मातीच्या धरणाचं पहिलं कामच ते. वरच्या थरात मुळं असतात, कुजणारा पाला असतो, त्यावर भराव टाकला की तो धरून राहात नाही, पाणी झिरपतं. म्हणून आम्ही तो काढतो, मग मधे काळ्या मातीचं हार्टिंग, म्हणजे पाणी अडवणारा गाभा, आणि दोन्ही अंगांना मुरमाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं आवरण. इथेही माती निवडलेली आहे, एका अंगाला पिवळी, दुसऱ्या अंगाला लाल, एकमेकींत न मिसळता.

मी वाकून उभा राहिलो आणि विचार केला, ही भिंत तर पाणी अडवत नाही. मग एवढी काळजी कशाला? रंग वेगळे ठेवल्यानं ताकद वाढत नाही. घमेल्यानं माती टाकणाऱ्या प्रत्येकाला आपण कुठल्या बाजूला कुठली माती टाकतोय याचं भान ठेवावं लागलं असेल. मातीकामावर माणसं सांभाळली आहेत मी, तेवढं भान पगारानं येत नाही.

आमच्या प्रत्येक प्राक्कलनाच्या पहिल्या पानावर कामाचं प्रयोजन लिहावं लागे: सिंचन इतके हेक्टर, पिण्याचं पाणी इतकी गावं. प्रयोजन लिहिल्याशिवाय मंजुरी नाही. मी आयुष्यभर असाच विचार करत आलो, आधी प्रयोजन, मग काम. इथे पहिल्यांदा वाटलं की ती लाल माती वाहून आणणं, सगळ्यांनी मिळून ती ठरलेल्या जागी टाकणं, हेसुद्धा प्रयोजनाचाच भाग असू शकतं.

चौथा दिवस, रविवार

नुअर्कला जाताना वाटेत सर्कलव्हिल लागतं. १८१० साली हे गाव मातीच्या एका प्राचीन वर्तुळाच्या आतच वसवलं, म्हणून हे नाव. पुढे त्यांना गोल रस्ते गैरसोयीचे वाटले आणि त्यांनी गाव चौकोनी करून घेतलं. वर्तुळ गेलं, नाव उरलं.

याच गावचे पोस्टमास्तर केलेब अॅटवॉटर. त्यांनी १८२० साली ओहायोतल्या या कामांवर लिहिलं आणि निष्कर्ष काढला की हे बांधणारे आशियातून, हिंदुस्थानच्या बाजूनं आले असावेत. टेनेसीत तीन तोंडं असलेलं मातीचं एक भांडं मिळालं होतं, त्यात त्यांना ब्रह्मा-विष्णू-महेश दिसले. लेकीनं हे गाडीत वाचून दाखवलं. ऐकून क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करतो. पण पुढचं ऐकल्यावर ते बरं वाटणं टिकलं नाही.

कोणी म्हणे इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्या, कोणी व्हायकिंग, कोणी आपण. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत: समोर राहणाऱ्या आदिवासींच्या पूर्वजांनी हे बांधलं नाही. डिसेंबर १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी संसदेला दिलेल्या संदेशात या टेकड्या नाहीशा झालेल्या एका बलाढ्य वंशाच्या म्हणून दाखवल्या. एक वंश दुसऱ्याची जागा घेतो, हे चालत आलंय, असा त्याचा रोख. त्याच वर्षी आदिवासींना मिसिसिपीच्या पश्चिमेला हलवण्याचा कायदा झाला. शॉनी गेले, १८४३ मध्ये वायंडॉट गेले, आणि ओहायोत एकही जमात आपल्या जमिनीवर उरली नाही. १८९४ मध्ये सायरस थॉमस यांनी सविस्तर अहवालात पुरावे मांडले की हे काम अमेरिकेच्या मूळ लोकांच्या पूर्वजांचंच आहे. तोवर जमिनी वाटून झाल्या होत्या. कशासाठी आणि कोणी बांधलं, हा प्रश्न विद्वानांच्या बैठकीपुरता राहात नाही. त्याच्या उत्तरावर माणसं घरातून उठवली जातात. धरणग्रस्तांची गावं मी उठताना पाहिली आहेत, त्यामुळे हे वाचताना मला गाडीची काच खाली करावी लागली.

नुअर्कचं मोठं वर्तुळ. १,२०० फूट व्यास, भिंत चौदा फुटांपर्यंत, आणि पुन्हा तेच, चर आतल्या बाजूला. प्रवेशाच्या तोंडाशी भिंत सगळ्यात उंच आणि चर सगळ्यात खोल. तिथून आत गेलं की रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज निम्म्यावर येतो. भिंतीची बाहेरची बाजू गडद तपकिरी मातीची होती, आतली पिवळसर. आता सगळं गवताखाली आहे, पण नवी असताना आत पाऊल टाकणाऱ्याच्या चारही बाजूंना एकदम उजळ रंग आला असेल.

नुअर्कचं काम एकेकाळी चार चौरस मैलांवर पसरलं होतं. सत्तर लाख घनफुटांहून जास्त माती. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे आमच्या हिशेबानं सत्तर हजार ब्रास. एका टोपलीत अर्धा घनफूट धरला तरी एक कोटी चाळीस लाख खेपा, टोकदार काठ्यांनी आणि शिंपल्यांच्या कुदळींनी खणून. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडे माणसं मातीकामाला आली ती पोटासाठी, हजेरीपटावर अंगठा उठवून. इथे राजवाडा सापडलेला नाही, राजधानी नाही, मजुरी मोजायला धान्याचं कोठार नाही. मग लांबलांबच्या वस्त्यांतून ही माणसं कोणत्या बोलावण्यावर आली?

दुपारी अष्टकोन. आठ भिंती, प्रत्येक साधारण साडेपाचशे फूट, आत पन्नास एकर. त्याला जोडून वीस एकरांचं वर्तुळ. शंभर वर्षांहून जास्त काळ इथे गोल्फचं मैदान होतं, भिंतींवरूनच खेळ चाले, आणि लोकांना आत यायला वर्षातले मोजके दिवस मिळत. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १ जानेवारी २०२५ पासून जागा सगळ्यांना खुली झाली. ज्यांनी त्यासाठी आवाज उठवला त्यांत ईस्टर्न शॉनी जमातीच्या प्रमुख ग्लेना वॉलेस होत्या. ही जमात आज ओक्लाहोमात आहे. पूर्वजांची जागा पाहायला त्यांना शेकडो मैल यावं लागतं.

१९८२ मध्ये रे हायव्हली आणि रॉबर्ट हॉर्न या दोन प्राध्यापकांनी इथली मोजमापं प्रसिद्ध केली. वर्तुळ आणि अष्टकोन यांच्या मधून जाणारी रेघ नेमकी तिथे रोखलेली आहे जिथे चंद्र उत्तरेकडे सगळ्यात लांब उगवतो. तसा तो दर १८.६ वर्षांनी उगवतो. लेकीला हा आकडा अवघड वाटला, पण हिला समजायला अडचण आली नाही. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला पाच अंश तिरकी आहे, त्या दोन वाटा जिथे छेदतात ते राहू आणि केतू. एका राशीला दीड वर्ष, बारा राशींना अठरा वर्षं आणि थोडं. "मे महिन्यातच राहू कुंभेत गेला," ती म्हणाली. म्हणजे ते लांब टोक हेच वर्ष. माणसाला जन्मात ते तीन-चारदा बघायला मिळतं. भिंत घालण्याआधी आज्यापासून नातवापर्यंत किती जणांनी आकाशाकडे बघितलं असेल!

तरी 'वेधशाळा' हे नावही मला 'किल्ल्या'सारखंच वाटायला लागलं. चंद्र कुठे उगवतो हे बघायला दोन खांब पुरतात, पन्नास एकर लागत नाहीत. पन्नास एकर लागतात माणसांसाठी. माझ्या डोळ्यांसमोर पंढरपूर आलं. वर्षभर कुलपात असलेले मठ आणि धर्मशाळा, आणि आषाढीला वाळवंटात पाय ठेवायला जागा नाही. तिथी चंद्राची, माणसं शेकडो मैलांवरून चालत आलेली. पुढे कोणी ते वाळवंट उकरलं तर त्याला घरं सापडणार नाहीत, गर्दी सापडणार नाही. अॅटवॉटरना त्रिमूर्ती दिसली, हिला नागोबा दिसला, मला वारी दिसली. म्हणून मी हे उत्तर म्हणून लिहीत नाही. पण सदुसष्ट दरवाजे, आतला चर, दोन रंगांची माती, दूरदेशाहून आणून पुरलेलं अभ्रक, हे सगळं किल्ल्यापेक्षा आणि वेधशाळेपेक्षा याच्या जवळ जातं, असं माझं मातीकामातलं मत आहे.

फोनमधल्या होकायंत्रावर मी त्या रेघेची दिशा घेतली. साधारण बावन्न अंश. वहीत टिपून ठेवली.

बाग संध्याकाळी बंद होते, म्हणून रात्री गावातल्या मुक्कामाच्या हॉटेलच्या वाहनतळावर आलो. वद्य अष्टमी, चंद्र उशिरा. साडेबारा वाजून गेले. हिनं शाल गुंडाळली होती. "उद्या अविधवा नवमी," ती म्हणाली. "आईचं पान इथे कुठे ठेवू?" लेक म्हणाली, "सकाळी अष्टकोनापाशी ठेवूया का?" ही नको म्हणाली. "ती जागा त्यांच्या माणसांची आहे. आपण घरी गेल्यावर गॅलरीत ठेवू."

समोरच्या दुकानाच्या छपरामागे उजेड आला. मग अर्धा चंद्र, तांबूस, आडवा. पूर्वेपासून कितीतरी डावीकडे, आपल्याकडे कधी दिसत नाही इतका. मी फोन त्याच्याकडे धरला. आकडा बावन्न आणि त्रेपन्नच्या मध्ये हलत राहिला.